एका पानाचा वेल

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. आज माझ्याकडे बघाल तर बिस्किटी रंगाशिवाय काही दिसणार नाही, आणि तुमची नजर माझ्यावर ठरणारही नाही. त्यात तुमचा दोष नाही, बिस्किटी रंग असतोच त्यासाठी. पण आला आहात तर थोडं बसा. समोर गवत आहे, बाक आहे, करंजाची सावली आहे. मी काही दक्षिणा मागत नाही.

तंजावरात मेल राजवीधी नावाच्या रस्त्यावरून आत वळलात की चौकातली ही छोटी बाग लागते. बागेची मागची बाजू म्हणजे मी. तमिळ मुलखातली भिंत मराठी कशी बोलते, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर त्याचं उत्तर सोपं आहे. माझ्या सावलीला ज्या बाया बसल्या त्यांची बोली मी उचलली. त्यांचे वाडवडील मराठे राजांच्या मागून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात एक भाषा, दारात दुसरी. माझंही तसंच आहे. शाळा मी बाहेरून पाहिली तेवढीच. अक्षरं मला कोणी शिकवली नाहीत. अंगावर मात्र पुष्कळांनी डकवली.

माझ्या विटा पापनाशमकडच्या भट्टीतल्या. कालव्याच्या काठचा गाळ साच्यात घालून, भाताच्या तुसावर भाजलेल्या. म्हणजे आतून मी कावेरीचीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे माझ्या अंगावर जे जे आलं ते वरचं होतं, आणि वरचं कधीही खरवडता येतं. तेव्हा इथे घोडागाड्यांचा तळ होता. घोड्यांची घाण मागच्या घरांना दिसू नये म्हणून मला उभं केलं. जन्मच दुसऱ्याची घाण झाकायला झाला. तरी मी सरळ उभी राहिले. एक वीत कलले नाही.

घोडे गेले, ऑटो आले. मग आमच्या गावाची रीत सुरू झाली. इथे माणूस जन्मला, मुलीचे कान टोचले, लग्न झालं, कोणी मेलं, की त्याचा कागद भिंतीवर लागतो. सकाळी नवरा-नवरी हसत असायची, संध्याकाळी त्यांच्या तोंडावर कोणाचे तरी आजोबा चिकटायचे, खाली अश्रूंचे दोन थेंब छापलेले. खळीचा एवढा थर बसला की पावसात मी पेजेसारखी पाझरायचे. शिवाय माझ्यापाशी रांगेनं उभे राहणारे पुरुष. त्याबद्दल मी बोलणार नाही. मी घरंदाज भिंत आहे.

कोणी मला पुसलं नाही, कोणी विचारलं नाही. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एकदा गावातले रिकामे चौक हिरवे करायचं ठरलं. तळाची जागा खणली, गवत लावलं, बाक ठेवले. करंज आधीपासून होताच, त्याला पार बांधला. हिरवं सगळं झालं आणि मधे मी, खळीनं माखलेली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात एखादी म्हातारी न विंचरता बसावी तशी. म्हणून कोणीतरी म्हणालं, भिंतीवर चित्र काढू या. कसलं काढायचं ते गल्लीतल्या लोकांना विचारलं.

गल्लीतली पहिली बोलणारी म्हणजे वेंकूबाई. तिची ओळख करून द्यायला हवी, कारण ही जेवढी माझी गोष्ट आहे तेवढीच तिचीही आहे. नवरा गेलेला. मुलगा मुरली चेन्नईला नोकरीला. मुरलीची मुलगी लावण्या इथल्या कॉलेजात शिकायला आली म्हणून आजीपाशी राहायची. वेंकूबाईला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे गेलं ते परत येत नाही, थेंब घालून उरलेलं राखायचं. तिच्या डोळ्यांत उरलं होतं ते एवढंच: मोठं काही असेल तर रंग कळायचा, आकार कळायचा. माणसाचं तोंड कळत नव्हतं.

तिनं सांगितलं, "फुलं काढा. आणि मोठी काढा. सुपाएवढी. मज दिसली पाहिजेत, नाहीतर भिंत आहे तशी बरी."

इथे आजीला पाट्टी म्हणतात. कोणीतरी म्हणालं, "पाट्टी, एवढी मोठी फुलं असतात का कुठे?"

"एवढे मोठे पुढारी असतात का कुठे? त्यांचे बोर्ड लावता की."

फुलंच ठरली.

चित्र काढायला कामाक्षी आली. तिरुवैयारूहून मोपेडवर यायची, सलवारीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची. शाळांच्या भिंती रंगवून तिचा हात तयार झालेला. आधी तिनं मला खरवडलं. मित्रांनो, ते सुख मी कसं सांगू. कागदाचे थरच्या थर निघाले, लग्नं निघाली, मयतं निघाली, खाली माझा मूळचा गिलावा उघडा पडला. मग तिनं खडूनं रेघा मारल्या आणि एका टोकापासून सुरुवात केली. लालभडक जास्वंद, तिच्या जिभेवर पिवळे परागकण. मग पिवळीधमक शेवंती. मग जागा सोडून गुलाबी कमळ, माझ्या अर्ध्या उंचीचं. टोकाला अबोलीचा घोस. ऑटोवाले ऑटो थांबवून बघायचे. शाळेतली पोरं जास्वंदीपुढे उभी राहून फोटो काढायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे तोंड करून उभे राहिले ते बघायला.

शेवंती आणि कमळ यांच्यामध्ये एक उभा पट्टा रिकामा होता. तिथे काय काढायचं ते कामाक्षीला सुचत नव्हतं. तिनं लावण्याला म्हटलं, आजीला विचार. लावण्यानं पाराजवळ उभं राहून फोन लावला. वेंकूबाई मोठ्यानं बोलायची, फोनची गरजच नव्हती.

"अगे, त्यात काय विचारायचं. तिथे उभा वेल काढ म्हणावं. जमिनीपासून वरपर्यंत. चांगला उंच."

आता लावण्याचं मराठी कसं होतं ते ऐका. ऐकायची सगळं, बोलायची काही नाही. आजी मराठीत दहा वाक्यं बोलायची, ही तमिळमध्ये एक उत्तर द्यायची. मराठीत तिला यायचं ते 'हो आजी', 'नको आजी' आणि भूक लागली की 'जेवण'. झाडावर चढतो त्या वेलाला ती जन्मापासून कोडी म्हणत आली, सगळा गाव म्हणतो तसं. आणि वेल हा शब्द तिला एकच ठाऊक होता. मुरुगनच्या, म्हणजे तुमच्या कार्तिकस्वामीच्या, हातातला. भाला.

ती शिडीपाशी गेली. "अक्का, आजी म्हणते मध्ये वेल काढा. उभा. उंच."

"फुलांमध्ये वेल?" कामाक्षीनं वरूनच विचारलं.

"तिनंच सांगितलं."

"पाट्टीचा नवस असेल." कामाक्षीनं ब्रश धुतला, सोनेरी रंग कालवला आणि हात जोडून सुरुवात केली. जमिनीपासून निघालेला सरळ दांडा, वर पानासारखं रुंद, टोकदार पातं, पात्यावर विभूतीचे तीन पट्टे आणि मध्ये कुंकू. झाला वेल.

मला कळत होतं. पण मला बोलता आलं असतं तर त्या रांगेनं उभे राहणाऱ्या पुरुषांनाच आधी दोन शब्द सुनावले असते.

चित्र पुरं झाल्यावर लावण्या आजीला हात धरून घेऊन आली. वेंकूबाई माझ्यासमोरच्या बाकावर बसली, तोंड थोडं तिरकं केलं, कारण तिला एका कोनातून जरा बरं दिसायचं. आणि सावकाश वाचायला लागली. हो, वाचायलाच.

"जास्वंद. लाल. शेवंती. हे काय... हां, वेल. सरळ काढलाय, छान. पण पान एकच काढलं की गं. एवढ्या उंच वेलाला एक पान. कंजूष दिसते ही बाई."

लावण्यानं माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे बघितलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं. तोंड उघडलं तिनं, पण आजी पुढे गेली होती.

"कमळ. अगे, कमळ दिसतंय मज. पाकळी न् पाकळी दिसतेय."

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लावण्यानं तोंड मिटलं.

त्या दिवसापासून वेंकूबाई रोज सकाळी यायची. बाकावर बसायची, जास्वंदीपासून अबोलीपर्यंत वाचायची आणि मग घरी जाऊन चूल पेटवायची. हे वाचणं उगाच नव्हतं. मुरली दर आठवड्याला फोन करायचा. आई, गॅस उघडा राहिला तर? आई, पडलीस तर? चेन्नईला ये, एक खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. वेंकूबाईला ती खोली ठाऊक होती. तिथून बाहेर बघितलं की दुसऱ्या इमारतीचं संडास दिसतं, असं ती सांगायची, आणि जे दिसत नव्हतं तेही तिला तिथे दिसायचं. शेवटी तिनं मुरलीला माझ्यासमोरच फोनवर सांगितलं.

"हे बघ, चौकातल्या भिंतीवरची फुलं मज दिसतात. रोज वाचते मी. ज्या दिवशी कमळ दिसणार नाही, त्या दिवशी मीच फोन करीन. येते म्हणीन. तोवर माझं स्वयंपाकघर माझं. कबूल?"

मुरलीनं कबूल केलं. म्हणजे मित्रांनो, माझ्या अंगावरच्या कमळावर एका बाईचं घर उभं होतं. मी खोटं सांगत नाही, मला त्याचा तोरा होता. राजवाड्याच्या भिंतींवरही चित्रं आहेत म्हणतात. असतील. त्यांच्यावर कोणाची चूल चालत होती का?

इकडे वेलाचं वेगळंच सुरू झालं. बागेच्या फाटकाशी कृष्णस्वामी फुलांच्या माळा विकायचा. भला माणूस. त्यानं एक दिवस माळेतून उरलेलं फूल वेलाच्या पायाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुंकू. मग येणारा-जाणारा चप्पल काढून उभा राहायला लागला. कोणी कापूर लावला, कोणी लिंबू ठेवलं. तैपूसमला, मुरुगनच्या मोठ्या सणाला, तर पिवळी वस्त्रं नेसलेले लोक माझ्यासमोर मावेनात. नारळाचं पाणी गवतात मुरलं आणि कापराच्या धुरानं शेवंतीची एक बाजू काळी झाली. माझं काय, मी आधीही झाकत होते, आताही सोसलं. पण बाकावर बसायला येणाऱ्यांची अडचण व्हायला लागली. पोरांचा चेंडू वेलाला लागला की ओरडा बसायचा.

वेंकूबाई नाक वर करून विचारायची, "हल्ली इथे कापूर कोण जाळतं गं?"

"समोर दुकान, आजी," लावण्या सांगायची. तिचं मराठी तेवढ्यापुरतं वाढलं होतं.

शेवटी तक्रार गेली. बाग सगळ्यांची आहे, हिचं देऊळ करू नका, आज एकानं केलं तर उद्या दुसरा येईल, असं. तक्रार करणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चौकशीला एक अधिकारी आला. नाव सुब्रमण्यम. मुरुगनचंच नाव घेऊन तो मुरुगनच्या वेलाची चौकशी करायला आला. फाटकातून आत आला, माझ्यासमोर पोचला, आधी चपला काढल्या आणि मग चौकशी सुरू केली.

कामाक्षीला बोलावून घेतलं होतं. कृष्णस्वामी टोपली सोडून आला. वेंकूबाई नेहमीप्रमाणे बाकावर होतीच.

"हा वेल इथे कोणी काढायला सांगितला?" सुब्रमण्यमनं विचारलं.

"मी," वेंकूबाई म्हणाली. "बघ लावण्या, ऑफिसरलाही मराठी शब्द येतो. तुम्हालाही तेच खटकलं ना सार? एकच पान."

"पान?"

"एवढ्या वेलाला एक पान. मी म्हणत होते, दोन-चार तरी काढायला हवी होती."

कामाक्षीनं लावण्याकडे बघितलं. लावण्या स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

सुब्रमण्यम खाली वाकला. "पाट्टी, ते पान नाही. तो वेल आहे. मुरुगनचा. हातातला."

वेंकूबाईनं तोंड माझ्याकडे वळवलं.

"लावण्या."

"हं."

"मी वेल म्हटलं होतं. जुईचा चढतो तो."

"मला कोडी माहीत, आजी."

वेंकूबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "देवा रे. तुझ्या भाल्याच्या पात्याला मी इतके दिवस पान म्हणते आहे." मग डोळे पुसून अधिकाऱ्याकडे वळली. "सार, यात देवाची चूक नाही, माझ्या नातीचीही नाही. शब्द एकच. आमच्याकडच्याला फुलं येतात, तुमच्याकडच्याला टोक. ही कामाक्षी आहे ना इथे? त्या दांड्याला पानं काढू दे. दहा-बारा पानं, वर जुईचे चार झुबके. वेलाचा वेल होईल, कोणाला काही बोलायला नको."

कामाक्षी म्हणाली, "होईल सार. सकाळी सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत होईल."

"वेलाला पाला गुंडाळता?" कृष्णस्वामी पुढे आला. "देव आपणहून चौकात आला आहे. त्याच्यावर एक पानसुद्धा काढू देणार नाही मी."

"आपणहून नाही रे आला. माझ्या नातीच्या कानातून आला."

"कशातूनही येवो पाट्टी. आला ना? मी रोज त्याला पहिली माळ घालतो. माझ्यापुरता तो आला."

सुब्रमण्यमनं घाम पुसला, म्हणाला, "बघू. पानांचं काहीतरी करू." आणि चपला घालून गेला. वेंकूबाईनं ते ठरलं असं धरलं. अधिकारी 'बघू' म्हणाला की काय होतं हे तिच्या वयाच्या बाईला ठाऊक असायला हवं होतं. पण तिला पानं हवी होती, म्हणून तिनं पानंच ऐकली.

त्यानंतर ती पापनाशमला गेली. तिच्या भाचीच्या, नंदिताच्या घरचं लग्न होतं. लावण्यालाही घेऊन गेली. लग्न झालं, पण तिचे पाय सुजले, म्हणून तिथेच राहून विसावा घेतला.

इकडे ठरलं ते असं. सुब्रमण्यम माझ्यासमोर उभा राहून कामाक्षीला समजावून सांगत होता, म्हणून मला कळलं. तिला बोलावलं नव्हतं. तिला कोणीतरी सांगितलं म्हणून ती मोपेड दामटत आली होती.

"सार, फुलांनी काय केलं?" ती विचारत होती. "वेलाचं काय ते करा. फुलं ठेवा."

"फक्त वेल पुसला तर म्हणतील देवाला पुसलं. दंगा होईल. पानं काढली तर कृष्णस्वामी आडवा पडेल. सगळी भिंत रंगवली तर ती देखभाल होते. देखभालीला कोणी विरोध करत नाही."

"म्हणून सगळी?"

"म्हणून सगळी. मला तरी बरं वाटतंय का अम्मा? माझं नाव काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

देवाचा मात्र मान राखला. पुजारी आले, तांब्याच्या कलशात पाणी भरलं, मंत्र म्हणून वेलातल्या देवाला कलशात यायची विनंती केली. मग नादस्वरम वाजवत कलश जवळच्या देवळात नेला. कृष्णस्वामी रडत मागून गेला, पण गेला. देव कलशातून आपल्या घरी पोचला. फुलांना कोणी विचारलं नाही. कमळाला यायचं का, असं कोणी म्हटलं नाही.

दुपारी लांब दांड्याचे रोलर घेऊन माणसं आली. बाहेरगावची होती, त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. एका टोकाला जास्वंद गेली, दुसऱ्या टोकाला अबोली. रंगाच्या पहिल्या हाताखालून शेवंती थोडी दिसत राहिली, दुसऱ्या हातात तीही गेली. कमळ मोठं होतं, त्याला वेळ लागला. कामाक्षी फाटकापर्यंत गेली होती, तिथून वळून बघत होती. मग मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला.

कोणी मला विचारेल, तुला दुखलं का? मला खळीनं माखलं तेव्हा दुखलं नव्हतं, कारण तेव्हा मला कोणी वाचत नव्हतं. एकदा वाचून घेतलं की मग पुसणं दुखतं.

रंग वाळला, वासही उडाला. मग एका सकाळी वेंकूबाई आली.

लावण्या फाटकातच थांबली. तिनं मला बघितलं.

"का थांबलीस?"

"काही नाही, आजी."

वेंकूबाई बाकावर बसली. पदर नीट केला, तोंड तिरकं केलं. मी उभी होते. मला एवढंच करता येतं.

"जास्व..." ती थांबली. मान दुसऱ्या बाजूला कलली. डोळे चोळले, पुन्हा बघितलं. हात पुढे करून हवेत काही बाजूला सारावं तसं केलं. मग हात मांडीवर ठेवले.

"गेले गं," ती म्हणाली. अगदी हळू. "डोळे गेले."

लावण्या तिच्यासमोर गवतात गुडघ्यांवर बसली. आणि मित्रांनो, जिला 'जेवण' याच्या पुढचं मराठी येत नव्हतं, ती पोर बोलली. एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलली.

"आजी, तुझे डोळे गेले नाहीत. भिंतीला रंग दिला आहे. फुलं पुसली आहेत. कमळ नाहीच, म्हणून तुला दिसत नाही."

वेंकूबाईनं हात पुढे करून नातीचा चेहरा चाचपला.

"कुठे शिकलीस एवढं?"

"मी खरं सांगते आहे, आजी."

"चार शब्द धड जोडता येत नव्हते तुला. आज एवढं सगळं आलं. पाठ करून आलीस ना? म्हातारीला कसं सांगायचं ते. मुरलीनं शिकवलं?"

"अप्पांना काहीच माहीत नाही."

"चांगलं बोललीस हो. आणखी बोल. पण खोटं कशाला."

लावण्यानं तमिळमध्ये सांगितलं. शपथ घातली. शेवटी ती ओरडून कृष्णस्वामीला बोलावू लागली. तो आला.

"पाट्टी, पोरगी खरं सांगते आहे. फुलं गेली. वेलही गेला."

"तू सांगतोस?" वेंकूबाईनं त्याच्या आवाजाकडे मान वळवली. "तू वेल जाऊ देशील? वेलावर पान काढू दिलं नाहीस तू. सगळे मिळून मज लहान मूल समजता की काय."

मान खाली घालून कृष्णस्वामी टोपलीकडे परत गेला.

लावण्यानं तिला उठवलं, हाताला धरून माझ्यापाशी आणलं आणि तिचा तळवा माझ्यावर टेकवला, कमळ होतं तिथेच. सुकलेला, खरबरीत तळवा. मी त्याखाली होते. रंगाखाली कमळ होतं. कमळाखाली गिलावा, त्याखाली कावेरीचा गाळ. सगळं होतं. एक अक्षर माझ्या तोंडून निघालं असतं तर.

"बघ आजी. काही नाही इथे."

"भिंत आहे की," वेंकूबाई म्हणाली. "फुलं हाताला कधी लागत होती?" तिनं हात काढून घेतला, पदराला पुसला. "मुरलीला फोन लाव. मी बोलते. शब्द दिला होता, येते म्हणून सांगते."

मुरली गाडी घेऊन आला. निघायच्या आधी आईनं एकदा बागेत यायचा हट्ट धरला, म्हणून तिला घेऊन आला. गाडीत भांडी बांधलेली होती, लावण्याची वेगळी पेटी होती, ती वसतिगृहाला जायची होती. मुरली फाटकातून आत आला आणि त्यानं मला पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याला कळलं. लावण्या त्याच्याकडे बघत होती. आजी दुसऱ्या कोणाचं ऐकत नसेल, पण मुलाचं ऐकेल, हे तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं.

"अप्पा, तुम्ही सांगा."

गॅस, पायऱ्या, थेंब, सगळं मुरलीच्या तोंडावरून गेलं. वाईट मुलगा नाही तो. आईच्या काळजीनं थकलेला मुलगा आहे.

"काय सांगायचं आहे रे?" वेंकूबाईनं विचारलं.

"काही नाही आई," तो म्हणाला. "ऊन वाढतंय. चल."

ती गेली. लावण्या कॉलेज सुटल्यावर कधी येते, बाकावर बसते, फोनवर आजीशी बोलते. आता ती मराठीच बोलते, थांबत, चुकत. आजी तिकडून काय म्हणते ते मला ऐकू येत नाही. पण भिंतीचा विषय आला की लावण्या गप्प होते, म्हणजे आजीनं अजून मानलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, ऐकलंत तर एवढं ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात रोलर येईल, शिक्का येईल, एखाद्याची आई येईल. कशावरही रंग फिरवायच्या आधी त्याच्यासमोर कोण बसतं ते बघा. त्याला सांगून मग फिरवा. आणि रंग दुसऱ्यानं फिरवलेला तुम्हाला दिसला, तर निदान दिसला असं म्हणा.

तुम्ही म्हणाल असं मला वाटत नाही. मी पुष्कळ माणसं बघितली आहेत. पण भिंतीनं एकदा सांगून ठेवावं. बसा अजून थोडं, नाहीतर जा. ऊन वाढतंय.